डिजिटल इमारत मॉडेल आणि प्रकल्पसंचाचे निर्णय: खान्देशातील विकासक, संस्था व अभियंत्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत एकाच वेळी चार-सहा कामे हाताळणारे विकासक, शिक्षणसंस्था, सहकारी संस्था आणि त्यांचे सल्लागार यांच्याकडून डिजिटल मॉडेलविषयी आता नियमित विचारणा होते. त्यांतले बहुतेक प्रश्न एका इमारतीपुरते असतात: नकाशे लवकर निघतील का, पाइप बीमला आडवा येतो हे आधी कळेल का. ते प्रश्न योग्यच आहेत, परंतु पैशाचा मोठा निर्णय त्यांच्या आधीच होऊन गेलेला असतो. कोणते काम या हंगामात घ्यायचे, कोणते पुढे ढकलायचे, कोणत्या दोन कामांची खरेदी एकत्र करायची, हे ठरवताना मॉडेलचा उपयोग कसा करावा, एवढ्याच विषयावरची उत्तरे येथे दिली आहेत.

डिजिटल इमारत मॉडेल म्हणजे इमारतीचे त्रिमितीय चित्रच ना?

ग्राहकाला दाखवण्यासाठी केलेले सुंदर त्रिमितीय चित्र या कामासाठी पुरेसे नाही. ज्याला बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) म्हणतात त्या मॉडेलमध्ये प्रत्येक भिंत, कॉलम, दरवाजा ही स्वतंत्र नोंद असते आणि तिच्यासोबत जाडी, साहित्य, मजला, दरसूचीतील बाब असा तपशील जोडलेला असतो. ओळखण्याची सोपी कसोटी अशी की, दुसऱ्या मजल्यावरील 150 मिलिमीटर जाडीच्या भिंतींचे एकूण क्षेत्रफळ किती, असे मॉडेलला विचारावे. उत्तर आकड्यात मिळाले तर ते मॉडेल आहे. कोणाला स्क्रीनवर मोजत बसावे लागले तर ते चित्र आहे.

प्रकल्पसंच, म्हणजे ज्याला व्यवहारात पोर्टफोलिओ म्हणतात, तो एकाच मालकाच्या पैशावर, माणसांवर आणि वेळेवर एकत्रित हक्क सांगणाऱ्या सर्व कामांचा समूह होय. जळगावची निवासी इमारत, रावेरचे केळीचे शीतगृह, धुळ्याचे व्यापारी संकुल आणि अवधान औद्योगिक वसाहतीतील शेड ही कामे एकमेकांशी संबंधित दिसत नाहीत; परंतु मालक एकच असेल तर एका कामावर अडकलेला पैसा दुसऱ्या कामाला मिळत नाही.

अनेक प्रकल्पांतून निवड करताना मॉडेल नेमके काय देते?

ते तुलना करता येईल असे आकडे देते, आणि हे काम वाटते तितके साधे नाही. आज बहुतेक कार्यालयांत प्रत्येक प्रकल्पाचा खर्च वेगवेगळ्या व्यक्तीने, वेगवेगळ्या पद्धतीने काढलेला असतो. एका अंदाजपत्रकात दर चौरस फुटाचा भाव बांधीव क्षेत्रावर असतो, दुसऱ्यात विक्रीयोग्य क्षेत्रावर. एकात पार्किंगचा मजला धरलेला असतो, दुसऱ्यात नसतो. मग बैठकीत हे दोन भाव शेजारी मांडले जातात आणि ज्याचा आकडा लहान त्याची निवड होते. अशा निवडीत इमारतींची तुलना होतच नाही, अंदाजपत्रक करणाऱ्यांच्या सवयींची होते.

सर्व प्रकल्पांची मॉडेल एकाच नियमाने केली, म्हणजे चटई क्षेत्राची (आतील वापरण्याजोग्या क्षेत्राची) व्याख्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातली, मोजणीची पद्धत आयएस 1200 या भारतीय मानकाची, मजल्यांची नावे एकसारखी आणि प्रत्येक घटकाला दरसूचीतील बाबीशी जोडणारा एकच संकेतांक, तर प्रत्येक चौरस मीटर चटई क्षेत्रामागे किती घनमीटर काँक्रीट, किती किलो सळई आणि किती चौरस मीटर बाह्य भिंत लागते हे शेजारी-शेजारी दिसते. एखाद्या इमारतीला सळई जास्त लागत असेल तर ती का, हा प्रश्न मग संरचना अभियंत्याला विचारता येतो. रुपयांच्या एकत्रित भावातून हा प्रश्न सुचत नाही, कारण दर, नफा आणि गृहीतके त्यात आधीच मिसळून गेलेली असतात. म्हणून आमचा आग्रह असा की प्रकल्पांची पहिली तुलना प्रमाणांत करावी, रुपयांत नंतर.

मॉडेलमधून निघालेली प्रमाणे आमच्या अंदाजपत्रकाशी जुळत नाहीत. कोणावर विश्वास ठेवावा?

फरकाचे कारण सापडेपर्यंत दोन्हींवर ठेवू नये. सर्वांत नेहमीचे कारण बीम आणि स्लॅब यांच्या छेदात असते. समजा बीम 230 मिलिमीटर रुंद व 450 मिलिमीटर खोल आहे आणि स्लॅब 125 मिलिमीटरचा आहे. मॉडेल करणाऱ्याने बीम पूर्ण खोलीचा काढला, स्लॅब बीमवरून सलग नेला आणि दोन्ही घटक एकमेकांशी जोडले नाहीत, तर वरचे 125 मिलिमीटर काँक्रीट दोनदा मोजले जाते. दर धावत्या मीटरला हा दुबार हिशेब 0.23 गुणिले 0.125, म्हणजे सुमारे 0.029 घनमीटर होतो. एका मजल्यावर 300 मीटर बीम असतील तर साडेआठ घनमीटरच्या वर, आणि सात मजल्यांच्या इमारतीत सुमारे 60 घनमीटर. एवढे काँक्रीट कागदावर वाढले की तो प्रकल्प विनाकारण महाग दिसतो. संचातील दुसऱ्या इमारतीचे मॉडेल योग्य रीतीने जोडलेले असेल तर निवडच चुकते.

दुसरे कारण उलट दिशेने काम करते. मॉडेलमध्ये जे काढलेले नाही ते त्याच्या यादीत येत नाही. सळईचे ओव्हरलॅप, सळई उचलून धरणाऱ्या चेअर, कटाई, गिलाव्याखालची जाळी, टाकीचे वॉटरप्रूफिंग, पाया खोदताना पाणी उपसण्याचा खर्च या बाबी जुना अनुभवी अंदाजपत्रककार सवयीने धरतो. मॉडेल त्यांच्याबाबत गप्प असते. म्हणून मॉडेलमधून घ्यायच्या बाबी आणि हाताने धरायच्या बाबी यांची लेखी विभागणी आधीच करावी व ती सर्व प्रकल्पांना सारखीच लागू करावी.

प्रत्येक प्रकल्पाचे मॉडेल किती तपशिलाचे हवे?

जो निर्णय घ्यायचा आहे, तेवढ्यापुरते. जागा घ्यावी की नाही एवढेच ठरवायचे असेल तर मजल्यांचे ठोकळे, अंदाजे उंची, पार्किंगची क्षमता आणि बाह्य भिंतीचे क्षेत्रफळ पुरते. प्रकल्प सुरू करायचा की थांबवायचा हे ठरवताना कॉलम, बीम, स्लॅब, भिंती व खिडक्या प्रत्यक्ष मापाच्या लागतात. खरेदी आणि वेळापत्रकासाठी त्याहून पुढचा तपशील हवा. व्यवसायात हे टप्पे एलओडी, म्हणजे तपशिलाची पातळी, 100 पासून 500 पर्यंतच्या संकेतांनी सांगतात.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. संचातील एक प्रकल्प एलओडी 300 चा आणि दुसरा एलओडी 100 चा असेल, तर त्यांचे आकडे एका तक्त्यात ठेवू नयेत. कमी तपशिलाच्या मॉडेलमध्ये वस्तू कमी असतात, त्यामुळे तो प्रकल्प नेहमीच स्वस्त भासतो.

आमच्याकडे काळी माती आहे. पायाचा खर्च मॉडेलमध्ये कसा धरावा?

खान्देशात प्रकल्पसंचाचे गणित सर्वांत जास्त येथेच बिघडते, म्हणून या प्रश्नाला थोडे विस्ताराने उत्तर देत आहोत.

तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठची काळी माती पाणी मिळाले की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्याखाली मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागेल हे एकाच गावातील दोन प्लॉटमध्येसुद्धा सारखे नसते. मॉडेल करणारा मात्र बहुधा संरचना नकाशातील पहिली गृहीत खोली घेतो, फूटिंग (कॉलमखालचा पाया) काढतो आणि पुढे जातो. प्लिंथवरची (जोत्यावरची) प्रत्येक वीट मोजलेली आणि प्लिंथखालचे सगळे गृहीत, अशी स्थिती होते. तरीही अंतिम तक्त्यात दोन्ही आकडे सारख्याच ठामपणे छापले जातात.

फरक किती पडतो ते पाहा. 2 मीटर गुणिले 2 मीटर मापाचे 40 खड्डे आहेत आणि मुरूम दीड मीटरऐवजी चार मीटरवर लागला. नुसत्या उभ्या खड्ड्यांची जादा खोदाई 400 घनमीटर होते. प्रत्यक्षात चार मीटर खोलीला बाजू उतरत्या ठेवाव्या लागतात, शेजारचे खड्डे एकमेकांत मिसळतात आणि आकडा याच्या बराच पुढे जातो. त्यावर कॉलमची वाढलेली लांबी, भराव आणि वाहतूक वेगळी. अशा खोल काळ्या मातीत रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल (तळाकडे फुगवटा असलेले खांबासारखे पाये) हा पर्याय तपासावा लागतो. आयएस 2911 च्या तिसऱ्या भागात त्याचे नियम आहेत.

आमची सूचना अशी की प्रत्येक मॉडेलमध्ये पायाच्या सर्व घटकांना एक स्थितीदर्शक नोंद द्यावी: गृहीत, बोअर घेऊन तपासलेले, किंवा खोदून पाहिलेले. प्रकल्पसंचाच्या तक्त्यात मग प्रत्येक प्रकल्पासमोर खर्चाबरोबर हेही दिसावे की त्यातील किती हिस्सा अजून गृहीत आहे. ज्या प्रकल्पाचा पाया गृहीत आहे त्याला मंजुरी द्यायची की नाही यावर चर्चा करण्याऐवजी बैठकीने आधी बोअरच्या खर्चाला मंजुरी द्यावी. माती तपासणीचा खर्च इमारतीच्या खर्चापुढे अगदी किरकोळ असतो, आणि पूर्ण संचाच्या क्रमवारीत त्याच्याइतका बदल क्वचितच दुसरी गोष्ट घडवते.

एका कामाचे सेंट्रिंग आणि मजूर दुसऱ्या कामाला वापरण्याचे नियोजन मॉडेलवरून करता येते का?

करता येते, आणि छोट्या विकासकाला याचाच लाभ सर्वांत लवकर दिसतो. मॉडेलला वेळापत्रक जोडले की प्रत्येक स्लॅबचे क्षेत्रफळ, गाळ्याची लांबी (दोन आधारांमधील अंतर) आणि भरण्याची तारीख एकत्र मिळते. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवसांनी काढता येतात. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत 14 आणि त्यापुढे 21 दिवसांनी. मिश्रित सिमेंट वापरल्यास किंवा थंडीत ही मुदत वाढवावी लागते. म्हणजे जळगावच्या इमारतीचा सेंट्रिंगचा संच धुळ्याच्या कामाला कधी मोकळा होईल हे मुकादमाच्या अंदाजावर न सोडता काढता येते. जळगाव-धुळे हे सुमारे 90 किलोमीटरचे अंतर लक्षात घेता, फेऱ्यांचा खर्च आणि भाड्याने घेतलेल्या नव्या संचाचा खर्च यांची तुलनाही लगेच होते.

वेळापत्रक भरताना मात्र सॉफ्टवेअरमधील तयार दिनदर्शिका वापरू नये. होळीला सातपुड्यातील मजूर पाड्यावर जातात, आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहुतेक साइट रिकाम्या होतात आणि मृगाचा पाऊस पडला की पेरणीसाठी माणसे आठवड्यामागून आठवडा परतत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांकडे जातो. दुपारी स्लॅब भरता येत नाही आणि आयएस 456 प्रमाणे उष्ण, कोरड्या हवेत किमान 10 दिवस, तर मिश्रित सिमेंट असल्यास 14 दिवस पाणी मारणे अपेक्षित आहे. ते पाणी मे महिन्यात टँकरने आणावे लागणार असेल तर त्याचा खर्चही त्या स्लॅबच्या तारखेशी जोडलेला असावा. पाच प्रकल्पांचे पाच स्लॅब एकाच मे महिन्यात येत असल्याचे वेगवेगळ्या वेळापत्रकांत कोणालाच दिसत नाही. एकत्रित वेळापत्रकात ते पहिल्याच दिवशी दिसते आणि त्यातील दोन कामे जानेवारीत ओढता येतात.

खरेदीचेही तसेच आहे. जालन्याहून येणारी सळई व्यासानुसार एकत्र मागवली तर पूर्ण ट्रक भरतो. पावसाळ्यात नदीतील वाळू उचलण्यावर बंदी असते, तेव्हा किती घनमीटर क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) लागेल हा सर्व कामांचा मिळून आकडा मेमध्येच हाती असावा.

एका प्रकल्पात शिल्लक पडलेला पैसा दुसऱ्याकडे वळवण्याचा निर्णय मॉडेल पाहून घेता येईल का?

महारेरात, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणात, नोंदणीकृत प्रकल्पांबाबत येथे कायदा आधी पाहावा लागतो. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ती त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकाम खर्चासाठी, कामाच्या प्रगतीच्या प्रमाणात आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रानंतरच काढता येते. प्रकल्पसंचाचा तक्ता करणाऱ्याने ही रक्कम मोकळा निधी म्हणून दाखवणे ही गंभीर चूक ठरेल. मॉडेलचा योग्य उपयोग असा की प्रत्यक्ष पूर्ण झालेल्या घटकांची नोंद मॉडेलमध्ये होत गेली, तर प्रगतीचे प्रमाण मोजमापाच्या आधारावर देता येते आणि प्रत्येक प्रकल्पातून पुढील तिमाहीत नियमाने किती रक्कम काढता येईल याचा अंदाज बांधता येतो.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद निर्णयाच्या वेळेवर परिणाम करते. मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते. म्हणून पर्यायांची तुलना, मजल्यांची अदलाबदल, दुकाने की कार्यालये हा वाद, हे सर्व विक्री सुरू होण्याआधीच्या मॉडेलवर संपवावे.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

रेव्हिट, आर्किकॅड, टेक्ला यांपैकी जे आपले सल्लागार नीट वापरतात ते. संचासाठी अट एकच ठेवावी: प्रत्येक टप्प्याअखेर मूळ फाइलबरोबर आयएफसी स्वरूपातील फाइलही मिळाली पाहिजे. आयएफसी हे आयएसओ 16739 म्हणून मान्यता मिळालेले खुले स्वरूप आहे आणि कोणत्याही एका कंपनीच्या परवान्यावर अवलंबून नाही. रेव्हिटच्या नव्या आवृत्तीतील फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, हे पाच वर्षे चालणाऱ्या संचात फार त्रासाचे ठरते. आकड्यांच्या तुलनेसाठी एक्सेल पुरेसे आहे.

आमचे वास्तुविशारद ऑटोकॅडमध्येच काम करतात. त्यांना बदलावे का?

नाही. गावाची, नगरपालिकेची आणि ग्राहकाची जाण असलेला वास्तुविशारद सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी मोलाचा असतो. त्यांचे नकाशे घेऊन मॉडेल करणारी एक-दोन अभियंत्यांची जोडी मालकाच्या कार्यालयात बसवणे हा मधला मार्ग आहे. सर्व प्रकल्पांची मॉडेल तेच करत असल्याने नियमही आपोआप सारखे राहतात. यात धोका असा की नकाशा बदलला आणि मॉडेल जुनेच राहिले. त्यासाठी नकाशाचा सुधारणा क्रमांक व तारीख मॉडेलमध्ये आणि बैठकीच्या तक्त्यात, दोन्ही ठिकाणी लिहिलेली असावी; क्रमांक जुळत नसेल तर तो प्रकल्प त्या बैठकीत चर्चेला घेऊ नये.

शाळा, वसतिगृहे, आरोग्य केंद्रे अशा एकसारख्या अनेक इमारतींसाठी याचा उपयोग आहे का?

अशा कामांसाठी तो सर्वाधिक आहे, आणि सार्वजनिक पैशाचा प्रश्न असल्याने येथे याची कळकळही अधिक वाटते. नंदुरबार जिल्ह्यात एकाच नमुना नकाशावरची इमारत शहाद्याच्या सपाट काळ्या जमिनीवरही उभी राहते आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरउतारावरही. नमुना मॉडेलचे दोन भाग करावेत: प्लिंथवरचा भाग सर्व ठिकाणी तोच, आणि प्लिंथखालचा भाग, संरक्षक भिंत, पाण्याची टाकी व पोहोच रस्ता हा प्रत्येक जागेसाठी वेगळा. असे केले की नमुन्यातील एका खिडकीचा दोष एकदाच दुरुस्त होतो आणि निर्णय घेणाऱ्यांचे लक्ष जागेनुसार बदलणाऱ्या भागाकडे जाते.

या वेगळ्या भागात साहित्याचा लीड, म्हणजे खाणीपासून आणि डेपोपासून जागेपर्यंतचे वाहतूक अंतर, प्रत्येक जागेची नोंद म्हणून भरावे. घाट चढून जाणाऱ्या खडीचा आणि सळईचा खर्च जिल्ह्याच्या सरासरीत बुडवला तर दुर्गम पाड्यावरच्या शाळेला निधी अपुरा पडतो आणि ती इमारत स्लॅबपर्यंत येऊन थांबते. तिथल्या मुलांची शाळा अर्धवट राहू नये, यासाठी हा एक रकाना काळजीपूर्वक भरणे अत्यंत आवश्यक आहे.

मॉडेलच्या आधारावर एखादा प्रकल्प पूर्ण थांबवावा का?

मॉडेल खर्च, प्रमाण आणि वेळ यांविषयी बोलते. सातबाऱ्यावरचा वाद, बिनशेती परवानगी, त्या भागातील घरांची मागणी, केळीचा भाव पडल्यावर शीतगृहाला ग्राहक मिळेल का, याविषयी त्यात काहीही नसते. बैठकीत रंगीत मॉडेल फिरू लागले की या न दिसणाऱ्या बाबी मागे पडतात, असे आम्ही वारंवार पाहिले आहे. म्हणून त्या बाबींचा लेखी अहवाल मॉडेल दाखवण्याआधी वाचला जावा. थांबवण्याचा निर्णय मॉडेलमुळे योग्य ठरतो तो एका परिस्थितीत: पाया तपासलेला आहे, तपशिलाची पातळी इतरांसारखी आहे, आणि तरीही त्या इमारतीला प्रति चौरस मीटर चटई क्षेत्रामागे लागणारे साहित्य इतर प्रकल्पांपेक्षा ठळकपणे जास्त आहे. तेव्हाही आधी रचना बदलून पाहावी. कॉलमची मांडणी पार्किंगशी जुळवून घेतल्यावर ट्रान्सफर बीम (वरच्या कॉलमचा भार बाजूला नेणारे मोठे बीम) अनावश्यक ठरतात आणि प्रकल्प पुन्हा उभा राहू शकतो.

यासाठी काही मानके किंवा सरकारी सक्ती आहे का?

माहिती व्यवस्थापनासाठी आयएसओ 19650 ही मालिका आहे. तिचे पहिले दोन भाग 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनने 2011 मध्ये धोरण जाहीर करून एप्रिल 2016 पासून केंद्र शासनाच्या कामांना बीआयएम बंधनकारक केले. आपल्याकडे नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने ही पद्धत खर्च व वेळापत्रकासह वापरली. खान्देशातील खासगी इमारतीला अशी सक्ती नाही. आयएसओ 19650 मधून सुरुवातीला फायलींना नावे देण्याची शिस्त आणि मालकाने कोणती माहिती केव्हा हवी हे आधी लिहून देण्याची पद्धत, एवढे दोन भाग उचलले तरी चालतात.

सुरुवात कोठून करावी?

नव्या प्रकल्पापासून करू नये. नुकतीच पूर्ण झालेली, मोजमाप पुस्तक आणि बिले हाताशी असलेली एक इमारत निवडावी आणि तिचे मॉडेल ठरवलेल्या नियमांनी करावे. मॉडेलमधून निघालेले काँक्रीट, विटकाम, गिलावा आणि फरशी यांची प्रमाणे मोजमाप पुस्तकातील नोंदींशी बाबनिहाय ताडून पाहावीत. जेथे फरक आहे तेथे मॉडेलचा नियम चुकला, मोजणी चुकली की काम नकाशाबाहेर झाले, हे साइट अभियंत्याला समोर बसवून ठरवावे. काँक्रीटचा फरक बहुधा बीम-स्लॅबच्या छेदात सापडतो, गिलाव्याचा दरवाजे-खिडक्यांच्या वजावटीत. आयएस 1200 मध्ये वजावटीचे नियम उघडणीच्या आकारानुसार बदलतात आणि सॉफ्टवेअर मात्र बहुधा सरसकट पूर्ण उघडणी वजा करते. हे नियम दुरुस्त करून लिहून काढल्यानंतरच संचातील पुढच्या दोन प्रकल्पांची मॉडेल हाती घ्यावीत, आणि तीन इमारतींचा पहिला तुलनात्मक तक्ता झाल्यावर तो संचालकांच्या बैठकीत नेण्याआधी जुन्या अंदाजपत्रककाराकडून तपासून घ्यावा.